केळी युरोपची, विष गुलामांच्या वारसांचे

फ्रान्स म्हटले की आपल्यापुढे स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द उभे राहतात. पण याच फ्रान्सचे दोन तुकडे युरोपात नसून हजारो किलोमीटर दूर, कॅरिबियन समुद्रात आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही त्यांची नावे. उष्ण कटिबंधातली, ज्वालामुखीच्या मातीची, धो धो पावसाची ही बेटे. लोकसंख्या दोन्हींची मिळून सात लाखांहून थोडी अधिक. बहुसंख्य लोक आफ्रिकेतून साखळदंडात बांधून आणलेल्या गुलामांचे वंशज. फ्रान्झ फॅनन हे नाव चळवळीच्या वाचकाला नवे नाही. तो याच मार्टिनिकचा, १९२५ साली तिथल्या फोर-द-फ्रान्स शहरात जन्मलेला. कवी एमे सेझेर याच शहराचे अर्ध्या शतकाहून अधिक काळ महापौर होते.

या बेटांवर आज एक विलक्षण गोष्ट आहे. तिथल्या दहा प्रौढ माणसांचे रक्त तपासले तर त्यांतल्या नऊ जणांच्या रक्तात एकच कीटकनाशक सापडते. २०१३-१४ साली झालेल्या सरकारी पाहणीत ग्वादलूपमध्ये हे प्रमाण ९५ टक्के आणि मार्टिनिकमध्ये ९२ टक्के निघाले. त्या विषाचे नाव क्लोरडेकोन. ही काही भोपाळसारखी एका रात्रीची दुर्घटना नाही. हे विष रीतसर परवाना घेऊन, मंत्र्याच्या सहीने, वीस-एकवीस वर्षे मातीत घातले गेले.

प्रकरण सुरू होते केळीच्या बागेत. केळीच्या कंदात सोंडकिडा शिरतो, आतून कंद पोखरतो आणि वारा आला की घडासकट झाड आडवे होते. जळगावकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. या किड्यावर उपाय म्हणून झाडाच्या बुंध्याशी क्लोरडेकोनची पावडर टाकायची. पावडर टाकणारे कोण? बागेतले मजूर, बाया आणि बाप्ये. बादलीत पावडर, हातात मोजे नाहीत, तोंडावर फडके नाही. मूठ भरायची आणि बुंध्याशी सोडायची.

बाग कोणाची, हा पुढचा प्रश्न. फ्रान्सने १८४८ साली गुलामगिरी कायमची रद्द केली. आणि १८४९ साली नुकसानभरपाईचा कायदा केला. भरपाई गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना! माणसे हातची गेली म्हणून मालकाला पैसे, आणि पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसाला एक गुंठाही नाही. मार्टिनिकमध्ये या गोऱ्या मळेवाल्यांच्या वंशजांना ‘बेके’ म्हणतात. संख्येने ते एक टक्क्याच्या आसपास. पण मोठे मळे, आयात-निर्यात, घाऊक व्यापार यांवर त्यांची पकड आजही कायम आहे. गुलाम मुक्त झाल्यावर मळ्यांवर राबायला माणसे हवीत म्हणून १८५३-५४ पासून पाँडिचेरी, कारैकल, मद्रास या बाजूने भारतीय मजूर करारावर बोटींत भरून इथे नेले गेले. ग्वादलूपला चाळीस हजारांहून अधिक, मार्टिनिकला पंचवीस हजारांच्या घरात. त्यांची मुले-नातवंडेही याच बागांत राबली. तेव्हा हा प्रश्न अगदीच परक्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता जरा अमेरिकेत जाऊ. क्लोरडेकोन हे मूळ अमेरिकन औषध, तिथे त्याचे नाव केपोन. व्हर्जिनिया राज्यात होपवेल नावाच्या गावी ते बनवण्याचा कारखाना होता. १९७५ साली तिथल्या कामगारांचे हात थरथरू लागले, डोळे स्थिर राहीनात, चालता येईना. एका कामगाराचे रक्त तपासले गेले आणि बिंग फुटले. कारखाना तत्काळ बंद झाला. शेजारच्या जेम्स नदीत मासेमारीला मनाई झाली. अलाइड केमिकल या कंपनीला १९७६ साली न्यायालयाने एक कोटी बत्तीस लाख डॉलर दंड ठोठावला. त्यानंतर अमेरिकेत या औषधाचे परवाने संपले. १९७९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करू शकते असे नोंदवले.

म्हणजे जगाला कळले होते. पॅरिसला कळले नव्हते काय?

कळले होते, आणि होपवेलच्याही आधी कळले होते. १९६९ साली फ्रान्सच्याच विषारी द्रव्यांच्या समितीने या औषधाला नकार दिला होता. तरी १९७२ साली तात्पुरता परवाना निघाला. कृषिमंत्री होते ज्याक शिराक, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. १९७७ आणि १९८० साली फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेच्या दोन शास्त्रज्ञांनी, स्नेगारोफ आणि केर्मारेक यांनी, अहवाल दिले की हे विष माती, नदीचा गाळ आणि प्राणी यांच्यात साठत चालले आहे. पण १९७९ आणि १९८० साली दोन चक्रीवादळांनी बागा झोपवल्या, सोंडकिडा बळावला, मळेवाल्यांनी ओरड केली आणि १९८१ साली क्युर्लोन या नव्या नावाने तेच औषध पुन्हा परवानगी घेऊन आले. यावेळी ते ब्राझीलमध्ये बनत होते. शेवटी १९९० साली फ्रान्सने बंदी घातली. पण बंदीच्या कागदाला शेपूट होते. या दोन बेटांसाठी सवलत! ती १९९३ पर्यंत ताणली गेली. बंदी सर्वांना, सवलत बेटांना, आणि त्या सवलतीचा अर्थ विष. २०१९ साली फ्रेंच संसदेने चौकशी समिती नेमली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. विषारी द्रव्यांच्या समितीचे १९७२ ते १९८९ या काळातले इतिवृत्तच सापडत नाहीत. कागद गहाळ. ज्यांनी आपल्या देशातील कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत, त्यांना या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

एकूण सुमारे ३०० टन क्लोरडेकोन या दोन बेटांच्या मातीत गेले. आणि ते गेले ते गेलेच, परत फिरले नाही. याचे कारण शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. या रेणूत क्लोरीनचे दहा अणू असतात आणि त्याची रचना पिंजऱ्यासारखी बंद असते. जिवाणूंना तो सहज फोडता येत नाही. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती त्याला धरून ठेवते आणि पावसाच्या पाण्यात थोडा थोडा सोडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासाने मांडले की मातीच्या प्रकारानुसार हे प्रदूषण दशके, काही मातींत शतके टिकेल. अलीकडच्या संशोधनात हा काळ काहीसा कमी असावा असे पुढे आले आहे, पण आज जन्मलेल्या मुलाच्या हयातीत ते पुरते संपेल असे तिथल्या माणसाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मातीतून विष झऱ्यात, झऱ्यातून नदीत, नदीतून समुद्रात. किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यांवर मासेमारीला बंदी घालावी लागली. कोळी उघड्यावर पडले. त्यांनी तर आयुष्यात केळीचे झाड लावले नव्हते.

आणि आता या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट. हे विष केळीच्या फळात जवळजवळ चढत नाही. झाड उंच, फळ वर, विष खाली मातीत. मग ते चढते कशात? जे जमिनीत वाढते त्यात. अळूचे कंद, सुरणासारखे याम, रताळी. परसात माती टोचणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात. त्या मातीवर चरणाऱ्या गुरांच्या चरबीत. म्हणजे बोटीत बसून युरोपला जाणारा केळीचा घड स्वच्छ, आणि मजुराच्या परड्यात उगवलेले रताळे विषारी! गरिबाने विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून घराशेजारी जे लावले, त्यानेच त्याच्या ताटात विष आणले. २००२ साली मार्टिनिकहून आलेली दीड टन रताळी फ्रान्सच्या डंकर्क बंदरात पकडली आणि नष्ट केली गेली. तोपर्यंत तीच रताळी बेटांवरची माणसे रोज खात होती आणि कोणी पकडायला आले नव्हते. ग्वादलूपच्या पिण्याच्या पाण्यात विष असल्याचे १९९९-२००० च्या सुमारास उघड झाले, त्यानंतर पाणी गाळण्याची व्यवस्था बसवली गेली. बाटलीतले पाणी ज्यांना परवडत होते त्यांना फरक पडला नसेल.

संशोधनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या चळवळीत संशोधन म्हणजे बुद्धिवाद्यांचे रिकामे काम असा एक गैरसमज आहे. फ्रान्सच्या आरोग्य संशोधन संस्थेचे डॉ. ल्यूक मुल्तिन्ये आणि ग्वादलूपच्या सरकारी इस्पितळातील डॉ. पास्कल ब्लांशे यांनी बेटावरच राहून काम उभे केले. पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग या बेटांवर जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. सहाशेहून अधिक रोगी आणि तितकेच निरोगी पुरुष घेऊन त्यांच्या रक्तातील क्लोरडेकोन मोजले गेले. २०१० साली निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या रक्तात विष सर्वांत जास्त, त्यांना हा कर्करोग होण्याचा धोका विष न सापडलेल्यांपेक्षा सुमारे पावणेदोन पट. दुसरा अभ्यास ‘तिमून’ नावाचा. तिथल्या क्रिओल बोलीत तिमून म्हणजे लेकरू. २००४ ते २००७ या काळात हजारभर गरोदर बायांची नोंद झाली, बाळंतपणाच्या वेळी नाळेचे रक्त तपासले, आणि मग त्या मुलांचा मागोवा सात वर्षांची होईपर्यंत आणि पुढेही घेतला. आईच्या रक्तात विष जास्त असेल तर मूल दिवस भरण्याआधी जन्मण्याची शक्यता वाढते आणि काही मुलांच्या हाताच्या बारीक हालचालींच्या विकासावर परिणाम दिसतो, असे त्यातून निघाले.

शास्त्रज्ञ सावध असतात आणि ते योग्यच आहे. अमुक एका माणसाचा कर्करोग याच विषाने झाला, असे एकेका माणसापुरते ते सांगू शकत नाहीत. या संशोधनावर टीका करणारेही होते. वंशाने आफ्रिकी असणाऱ्यांत हा कर्करोग मुळातच जास्त, असा एक मुद्दा नेहमी पुढे केला गेला. त्यात तथ्याचा अंश आहे. पण २०२१ साली फ्रान्सच्याच आरोग्य संशोधन संस्थेने सगळा पुरावा तपासून संबंधाची ‘प्रबळ शक्यता’ मान्य केली. मार्टिनिकमध्ये असाच एक अभ्यास सुरू होता. २०१४ साली राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्याचा निधी काढून घेतला आणि तो थांबला. पुरावा नाही म्हणायचे, आणि पुरावा गोळा करणाऱ्याची चूलही विझवायची, ही रीत फक्त आपल्याकडेच आहे असे मला वाटत होते.

पण शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी हे कोणी ओळखले होते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मार्टिनिकच्या केळीमजुरांनी संप केला. मजुरीवाढीबरोबरच विषारी औषधे बंद करा, ही त्यांची लेखी मागणी होती. होपवेलचा कारखाना बंद होण्याच्या दीड वर्ष आधी! त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. सोलवटलेली कातडी आणि मळमळणारे पोट एवढीच त्यांची साधने. उत्तर म्हणून १४ फेब्रुवारी १९७४ रोजी बास-पॉइंत भागातील शालव्हे येथे सशस्त्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या. रेनोर इल्मानी हा मजूर जागीच ठार झाला. दोन दिवसांनी जॉर्ज मारी-लुईस या एकोणीस वर्षांच्या तरुणाचे प्रेत सापडले. औषध त्यानंतर आणखी एकोणीस वर्षे चालू राहिले.

आता माझ्या धंद्याकडे येतो. २००६ साली ग्वादलूपच्या संघटनांनी फौजदारी तक्रार दाखल केली. त्यांचे वकील होते हॅरी द्युरिमेल, जे पुढे २०२० साली पॉइंत-आ-पित्र शहराचे महापौर झाले. २००८ साली तपास सुरू झाला. तो पॅरिसला गेला, आणि तिथे वर्षामागून वर्षे गेली. २ जानेवारी २०२३ रोजी दोन तपास न्यायाधीशांनी तीनशेहून अधिक पानांचा आदेश दिला. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले की हा आरोग्याचा घोटाळा आहे. आणि शेवटी लिहिले की कोणावरही खटला चालणार नाही. कारणे दोन. पहिले, त्या काळच्या ज्ञानानुसार गुन्हा सिद्ध करणे कठीण. दुसरे, मुदत. शेवटचे कृत्य १९९३ च्या आसपासचे, तक्रार २००६ ची.

वाचकहो, मुदतीचा कायदा मला मान्य आहे. आपल्याकडेही तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या तक्रारींची तलवार कोणाच्या डोक्यावर कायम टांगती राहू नये, साक्षीदार विस्मरणात जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण हा कायदा चाकूने भोसकणाऱ्यासाठी घडला. चाकू लागला की जखम त्याच दिवशी दिसते. क्लोरडेकोनसारखे विष वीस-तीस वर्षांनी बोलते. विषाची चाल मंद आणि मुदतीची चाल वेगवान, मग जो सगळ्यात हळू मारतो तोच सगळ्यात सुरक्षित राहणार! आपल्या संहितेत निदान गुन्हा कळल्या दिवसापासून मुदत मोजण्याची तरतूद आहे, ती किती न्यायाधीश मनावर घेतात हा भाग निराळा. मुदतीच्या या प्रश्नावर मार्टिनिकमध्ये २७ फेब्रुवारी २०२१ रोजी हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. तपास न्यायाधीशांच्या आदेशाविरुद्ध संघटनांनी अपील केले.

सरकार काहीच करत नाही असेही नाही. २०१८ साली राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी मार्टिनिकमध्ये येऊन हा पर्यावरणाचा घोटाळा असल्याचे आणि त्यात शासनाचा वाटा असल्याचे मान्य केले. २०१९ च्या संसदीय समितीने तर शासनालाच पहिला जबाबदार ठरवले. २०२१ पासून रक्ततपासणी मोफत आहे. विष शरीरातून काही महिन्यांत निम्मे उतरते, त्यामुळे परड्यातली माती तपासून घेतली, कोणते कंद टाळायचे हे कळले, तर माणूस रक्तातील प्रमाण खाली आणू शकतो. हे काम तिथे घरोघरी जाऊन केले जाते आणि ते चांगले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये शेतमजुराचा प्रोस्टेटचा कर्करोग हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाला. अट अशी की दहा वर्षे या कामावर असल्याचे दाखवायचे. हंगामी मजुराने, रोजंदारीवरच्या माणसाने, ज्याचे नाव मुकादमाच्या वहीतही धड नव्हते, त्याने काय दाखवायचे? आणि ज्या बायांनी तीच पावडर त्याच हातांनी टाकली त्यांना प्रोस्टेट नसते, हे कायदा करणाऱ्याच्या लक्षात आले नाही काय?

हा कागदाचा प्रश्न मला फार जवळचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते सर्वांना आठवत असेल. त्यानंतरच्या काळात, दुसऱ्याच एका जिल्ह्यातली, फवारणीत नवरा गेलेली एक ताई माझ्याकडे आली होती. ती एका कचेरीत मदतीसाठी गेली तेव्हा तिच्याकडे पहिला कागद मागितला तो सातबारा. तिने सांगितले, साहेब, वावर मालकाचे होते. साहेब म्हणाले, मग मालकाला पाठवा. मालक येणार होता थोडाच! दुसरा कागद मागितला औषध खरेदीच्या पावतीचा. तीही मालकाच्या नावाची. नवऱ्याच्या नावाचा एकच कागद तिच्याजवळ होता, मृत्यूचा दाखला. त्यात मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे असे लिहिले होते. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरतो, हे मी त्या साहेबांना लेखी विचारले. उत्तर आले नाही.

केरळच्या कासरगोडचा अनुभवही यापेक्षा फार वेगळा नाही. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जात होते, तेही वीसेक वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली देशभर बंदी घातली आणि १० जानेवारी २०१७ रोजी पीडितांना तीन महिन्यांत प्रत्येकी पाच लाख रुपये द्या असा आदेश दिला. २०२२ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयापुढे हिशेब आला तेव्हा ३७०४ पीडितांपैकी फक्त आठ जणांना पैसे मिळाले होते. आठ! निकाल मिळवणे आणि निकालाचे पैसे हातात पडणे यांत केवढा समुद्र असतो, हे फ्रान्सच्या बेटांवरच्या वकिलांनीही ध्यानात ठेवलेले बरे.

तिकडची एक बातमी मार्च २०२५ ची आहे. पॅरिसच्या प्रशासकीय अपील न्यायालयाने शासनाला दोषी धरले आणि विषाखाली जगण्याच्या भीतीपोटी जो मानसिक त्रास होतो त्याची भरपाई द्यावी असे म्हटले. शरीराला रोग होण्याची वाट न पाहता भीतीलाच नुकसान मानणारा हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मुळातून अभ्यासावा असा आहे. अर्जदार तेराशेच्या आसपास होते. ज्यांच्याजवळ रक्ताचे अहवाल, मातीचे अहवाल असा ठोस कागद होता असे दहा-बारा जणच पात्र ठरले. उरलेल्यांचे अर्ज गेले. आणि जे दहा-बारा पात्र ठरले त्यांच्याविरुद्धही सरकार वरच्या न्यायालयात गेले.

त्या ताईचे प्रकरण मी चालवतो आहे. मालकाची साक्ष अजून व्हायची आहे.